सिंह, दोन पाने आणि मधली वाट

९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्यात पहिल्यांदाच विधानसभेसाठी मतदान झाले. पोर्तुगिजांची सत्ता जाऊन दोन वर्षे पुरी व्हायला दहा दिवस कमी होते. ज्या काँग्रेसच्या सरकारने सैन्य पाठवून गोवा मुक्त केला, त्या पक्षाला गोवेकर डोक्यावर घेतील असा अनेकांचा हिशेब होता. मतमोजणीत तो साफ चुकला. गोव्यातल्या २८ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या तीस जणांच्या सभागृहात पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तोही दमणचा. महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला १४ आणि त्याच्या जोडीच्या प्रजा समाजवादी पक्षाला २ जागा मिळाल्या. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागा घेऊन उभा राहिला. दीवची जागा अपक्षाकडे गेली.

जिंकलेला पक्ष जेमतेम नऊ महिन्यांचा होता. मार्च १९६३ मध्ये तो स्थापन झाला, सिंह ही त्याची निशाणी आणि गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे त्याचे उघड ध्येय. म्हणजे जे घर चालवायला मिळाले, ते मोडून शेजारच्या घरात मिसळायचे वचन देऊनच हा पक्ष निवडून आला होता. मतदारांपैकी मोठ्या गटाला ते वचन हवे होते, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटाला ते धोक्याचे वाटत होते. २८ पैकी १६ विरुद्ध १२ हा आकडा काठावरचा होता. अशा वेळी नव्या सरकारपुढे दोनच रस्ते दिसत होते. आपल्या मतदारांचा शब्द पाळून उरलेल्यांना वाऱ्यावर सोडायचे, किंवा दोन्ही बाजूंना चालेल अशा मधल्या वाटेने कारभार करायचा. पुढच्या सोळा वर्षांत या पक्षाने दोन्ही केले. पण मधल्या वाटेवर तो आपल्या पायांनी किती आला आणि मतदारांनी त्याला किती आणले, याचा हिशेब मांडण्याजोगा आहे.

त्यासाठी आधी तेव्हाचा गोवा पाहावा लागतो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात जिंकलेले तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे तालुके म्हणजे जुन्या काबिजादी. धर्मांतराचा, पोर्तुगीज शिक्षणाचा, चर्चच्या शाळांचा आणि परदेशी नोकऱ्यांचा ठसा मुख्यतः त्यांच्यावर. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे तालुके अठराव्या शतकात आले. या नव्या काबिजादींत देवळे टिकली, मराठी पोथ्या, कीर्तने आणि नाटके टिकली. १९६०च्या सुमाराला लोकसंख्येत साधारण तीन पंचमांश हिंदू आणि एक तृतीयांशाहून अधिक ख्रिस्ती होते. घराघरात बोली कोकणी, पण हिंदू समाजाचे वाचन आणि धर्मव्यवहार बराचसा मराठीत. ख्रिस्ती कोकणी रोमी लिपीत लिहीत, त्यांचे शिक्षण पोर्तुगीज किंवा इंग्रजीत होई.

धर्माच्या या रेषेला आडवी छेदणारी दुसरी रेषा होती जमिनीची. गोव्यात जमीनदाराला भाटकार म्हणतात. भाटकाराच्या शेतात राबणारे ते कूळ आणि त्याच्या भाटात झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराने माडांची राखण करायची, हाक आली की भाटकाराच्या घरी कामाला जायचे. मर्जी फिरली तर घरावरचे छप्पर जायचे. भाटकार सारस्वत हिंदूही होते आणि उच्चवर्णीय ख्रिस्तीही. कुळे आणि मुंडकारही दोन्ही धर्मांत होते. काँग्रेसचे गोव्यातले नेतृत्व प्रामुख्याने वरच्या थरातले, त्यामुळे गावच्या बहुजनाला मुक्तीनंतर निवडणुकीत समोर उभा दिसला तो पुन्हा ओळखीचाच मालक.

मगो पक्षाने या दोन्ही रेषांवर बोट ठेवले. त्याने मतदाराला दोन वचने दिली. एक, गोवा महाराष्ट्रात जाईल. दुसरे, भाटकाराची सत्ता संपेल आणि बहुजनांचे राज्य येईल. प्रचारात ही वचने एकमेकांत अशी गुंतली की ती निरनिराळी आहेत हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही जाणवत नव्हते. महाराष्ट्रात कूळ कायदा आहे, मराठी शाळा आहेत, बहुजनांतून आलेले पुढारी मंत्री होतात. मग महाराष्ट्रात गेलो की हे सगळे आपोआप येईल, असा तो सरळ हिशेब होता.

पक्षाचे नेते दयानंद बाळकृष्ण बांदोडकर हे खाणमालक. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, जवळचे नुसते भाऊ. पैसा भरपूर, देणगीचा हात सैल, आणि जन्म गोमंतक मराठा समाजातला. देवळांच्या सेवेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेलेला आणि प्रतिष्ठितांच्या पंगतीबाहेर ठेवलेला हा समाज. श्रीमंती असूनही अपमान काय असतो हे त्यांना ठाऊक होते. १९६३ची निवडणूक त्यांनी स्वतः लढवली नव्हती. तरी आमदारांनी नेता म्हणून त्यांनाच निवडले, २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले आणि पुढे मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

पहिल्या मंत्रिमंडळात भाऊसाहेबांसह तिघेच होते. दुसरे विठ्ठल करमली आणि तिसरे टोनी फर्नांडिस. विलीनीकरणवादी पक्षाच्या पहिल्याच सरकारात एक ख्रिस्ती मंत्री बसला. सभापती झाले ते पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर. ९ जानेवारी १९६४ रोजी मांडवीच्या काठी, आदिलशाही राजवाड्यात विधानसभेची पहिली बैठक भरली. याच वास्तूत पोर्तुगीज गव्हर्नर राहत आणि पुढे सचिवालय आले. सरकारचे हात मात्र मोकळे नव्हते. १९६३च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने विधानसभा दिली, पण वर नायब राज्यपाल होते आणि त्यांच्याही वर दिल्ली. तिजोरीतही दिल्लीचाच पैसा मोठा.

तरीही या सरकारने जे कायदे केले, ते पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. विलीनीकरणासाठी हट्ट धरणारे सरकार कारभारात बऱ्याच ठिकाणी गोव्याचे वेगळेपण तसेच ठेवून चालले होते.

पहिला आणि सर्वांत मोठा कायदा १९६४चा कूळवहिवाट कायदा. कसणाऱ्याला मनमानीने शेतातून काढता येणार नाही, खंड ठरलेल्या मर्यादेबाहेर घेता येणार नाही, हा त्याचा गाभा. या कायद्याने हिंदू भाटकार दुखावला तसा ख्रिस्ती भाटकारही. पेडण्यातल्या हिंदू कुळाला आधार मिळाला, तसा साष्टीतल्या ख्रिस्ती कुळालाही. ज्या साष्टीने मगो पक्षाला जवळ केले नव्हते, तिथल्या शेतावरही हाच कायदा लागू झाला. हा निर्णय गरीब-श्रीमंतांच्या मधोमध उभा नव्हता, तो उघड गरिबाच्या बाजूचा होता. पण हिंदू-ख्रिस्ती या फाळणीत तो कोणाच्याच बाजूचा नव्हता.

दुसरा दाखला दारूचा. महाराष्ट्रात तेव्हा १९४९च्या कायद्याची दारूबंदी होती. विलीनीकरण झाले तर फेणीचे आणि माडाच्या सुरेचे काय होणार, ही भीती विरोधक गावोगाव सांगत होते. सुर काढणाऱ्या रेंदेरांची घरे बहुतांशी ख्रिस्ती. दारूच्या भट्ट्या, ताव्हेर्न, मासळी आणि सणसमारंभ यांच्याशी जोडलेला हा धंदा. महाराष्ट्राच्या पावलावर पाऊल ठेवायचे तर बंदी आणायला हवी होती. बांदोडकर सरकारने १९६४ मध्ये केला तो अबकारी कायदा. परवाना घ्या, कर भरा आणि धंदा करा अशा धाटणीचा.

तिसरा दाखला न केलेल्या गोष्टीचा. पोर्तुगीज नागरी कायद्यात लग्न, वारसा आणि मालमत्ता यांचे नियम सर्व धर्मांना जवळपास एकसारखे होते. मुक्तीनंतर संसदेने जुने कायदे चालू ठेवले होते. मगो सरकारने त्या कायद्याला हात लावला नाही. आज समान नागरी कायद्याच्या प्रत्येक चर्चेत गोव्याचा दाखला निघतो. तो कायदा टिकण्यामागे, जुने ते सगळे उखडून टाकण्याच्या मागे न लागलेले पहिले लोकनियुक्त सरकारही आहे.

शाळांच्या बाबतीत मात्र सरकारने बाजू घेतली, आणि जोरात घेतली. पोर्तुगीज राजवटीत सरकारी प्राथमिक शिक्षण पोर्तुगीज माध्यमातून चाले. मराठी शाळा गावकऱ्यांनी वर्गणीवर, कधी देवळाच्या ओसरीवर चालवायच्या. नव्या सरकारने खेड्यापाड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. सत्तरीच्या जंगलात, काणकोणच्या डोंगरात, जिथे पाटी कोणी पाहिली नव्हती, तिथे मास्तर गेला. बहुजनांच्या दोन पिढ्या या शाळांतून शिकून कारकून, शिक्षक, पोलीस आणि वकील झाल्या. मगो पक्षावर कितीही टीका झाली तरी हे श्रेय त्याच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही. पण कोकणीवाद्यांच्या नजरेत याच शाळा विलीनीकरणाच्या पायऱ्या होत्या. चर्चच्या शाळा इंग्रजीतून चालत राहिल्या. एकाच गावची मुले वेगवेगळ्या भाषांतून शिकू लागली.

सरकारची खरी चूक झाली ती नोकऱ्यांत. मराठी जाणणारे, भारतीय प्रशासनाची सवय असलेले कर्मचारी गोव्यात कमी होते हे खरे. म्हणून महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आणि शिक्षक आणले गेले. काही वर्षांत कचेऱ्यांमध्ये बाहेरची माणसे दिसू लागली, आणि नुकत्याच शिकलेल्या गोवेकर तरुणाला वाटू लागले की विलीनीकरण हेच का? हा सल फक्त ख्रिस्ती तरुणाचा नव्हता. मगो पक्षाला मत देणाऱ्या हिंदू घरातही तो उतरला, आणि पुढे विलीनीकरणावर झालेल्या जनमत कौलात त्याने काम केले.

१९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव बहुमताने मंजूर केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याला साथ दिली. म्हैसूर राज्याने विरोधी सूर लावला. मगो पक्षाचे म्हणणे असे की, निवडणूक याच मुद्द्यावर झाली, लोकांनी कौल दिला, आता अंमलबजावणी करा. सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी म्हणत, आमदार निवडताना माणूस, जात, जमीन अशी पन्नास कारणे असतात; प्रदेशाचे अस्तित्व पुसायचे असेल तर तेवढाच एक प्रश्न लोकांना विचारा. गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर हे १९६३ मध्ये हरले होते, पण दिल्लीत त्यांचे वजन होते. तेही वेगळ्या गोव्याच्या बाजूने उभे राहिले. नेहरू आणि शास्त्री यांच्यानंतर इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या होत्या. अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला.

कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून सरकारने पायउतार व्हावे, अशी विरोधकांची मागणी होती. बांदोडकरांनी ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. बहुमत हातात असलेल्या मुख्यमंत्र्याने विरोधकांच्या समाधानासाठी खुर्ची सोडली, हे त्या काळातही रोज घडत नव्हते.

प्रचाराचे ते दिवस गोव्यात अजून आठवले जातात. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची निशाणी दोन पाने. महाराष्ट्रातून पुढारी, कार्यकर्ते आणि शाहीर सीमा ओलांडून आले. पणजीचा ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने होता. मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात होता, आणि त्याची भाषा होती मराठी. चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखालील या दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत, आणि हिंदू मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत दोन पानांकडे वळवत. रवींद्र केळेकर लिहीत होते, मनोहरराय सरदेसाई कविता करत होते, उल्हास बुयांव सभांतून गात होते. ‘आमचें गोंय आमकां जाय’ ही घोषणा भिंतींवर चढली. मराठी वाचणारा तो महाराष्ट्रवादी, हे समीकरण ‘राष्ट्रमत’च्या पानांवरच मोडीत निघाले.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. यादीत ३,८८,४३२ मतदार, त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. म्हणजे शंभरातल्या ब्याऐंशींच्या आसपास. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. बाद मते ७,२७२. फरक ३४,०२१.

पेडणे, डिचोली, सत्तरीसारख्या तालुक्यांत फुलाला जोर होता. साष्टीने दोन पानांना भरभरून दिले. पण ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत, आणि दोन पानांना झालेल्या मतदानाच्या चोपन्न टक्के मते. समजा झाडून सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी पानांवर शिक्का मारला, तरी उरलेली मते हिंदूंनीच दिली असणार. तीन वर्षांपूर्वी सिंहावर शिक्का मारणारे काही हात या वेळी फुलाकडे वळले नाहीत. कारणे अनेक होती. नोकऱ्यांचा सल, कोकणीची ओढ, मुंबईपासून दूर असलेला रत्नागिरीसारखा एक जिल्हा होऊन पडण्याची भीती. आणि कदाचित सर्वांत व्यवहारी कारण असे की, पणजीत आपल्याच माणसांचे राज्य आलेले असताना ते उचलून मुंबईला का नेऊन द्यायचे?

कौलानंतर मगो पक्ष संपला असे अनेकांनी धरले. ज्या मागणीसाठी तो जन्मला, ती लोकांनी फेटाळली होती. पण सव्वादोन महिन्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मगो पक्षाला १६ जागा दिल्या. युनायटेड गोवन्स पुन्हा १२ वर, अपक्ष दोन. ५ एप्रिलला बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

गोव्याच्या राजकारणात याहून मोठा धडा क्वचितच मिळाला असेल. एकाच वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत मतदाराने पक्षाच्या दोन वचनांची गाठ सोडवली. पहिले वचन परत केले, दुसरे ठेवून घेतले. विलीनीकरण नको, पण कूळ कायदा, शाळा आणि बहुजनांचा मुख्यमंत्री हवा. पक्षाने स्वतःहून मुद्दा सौम्य केला असता तर कदाचित त्याचे कट्टर कार्यकर्ते तुटले असते. कौलाने ते काम परस्पर केले. आता विलीनीकरण मागे ठेवणे ही गद्दारी ठरत नव्हती, ती लोकांची आज्ञा ठरत होती.

उलट बाजूने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. मागणी मान्य झाली, १ मे १९६० रोजी राज्य मिळाले, आणि समिती पांगली. १९६२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने घेतल्या. मागणी पुरी झाल्यावर समितीकडे दुसरे काही उरले नव्हते. १९६७ मध्ये गोवा महाराष्ट्रात गेला असता, तर मगो पक्षाचेही तेच झाले असते. तीसच्या सभागृहात सोळा आमदार म्हणजे सरकार. मुंबईच्या विधानसभेत तेवढेच आमदार म्हणजे मागच्या बाकांवरची एक रांग. कौलात हरल्यामुळे पक्षाला आणखी बारा वर्षांची सत्ता मिळाली.

त्याच १९६७च्या मार्चमध्ये मद्रासमध्ये अण्णादुराईंचा द्रविड मुन्नेत्र कळघम सत्तेवर आला. त्या पक्षाने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी १९६३ मध्येच सोडून दिली होती. सत्तेत आल्यावर त्याने रुपयाला एक माप तांदूळ देण्याची योजना काही शहरांपुरती का होईना सुरू केली, शाळांत तमिळ आणि इंग्रजी असे द्विभाषा सूत्र आणले, १९६९ मध्ये राज्याचे नाव तमिळनाडू केले. फुटून निघण्याची भाषा गेली, भाषेचा आणि ताटातल्या भाताचा आग्रह राहिला. अण्णादुराईंनी निवडणुकीच्या आधीच जे ओझे उतरवले, ते बांदोडकरांच्या पक्षावरून मतदारांनी कौलात उतरवले.

दुसऱ्या कारकिर्दीत विलीनीकरणाची भाषा क्षीण होत गेली आणि कारभार गोव्यापुरता झाला. फेब्रुवारी १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष स्वतः बांदोडकर. १९७१ मध्ये मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला. त्याच सुमाराला पक्षात बंडही झाले. १९७० मध्ये के. बी. नाईक यांच्यासह काही आमदार भाऊसाहेबांच्या एकहाती कारभाराला कंटाळून वेगळे झाले, पण सरकार टिकले. १९७२ मध्ये मतदाराने मगो पक्षाला १८ जागा दिल्या, तोवरच्या सर्वांत जास्त. १० जागांवर आलेला युनायटेड गोवन्स पक्ष पुढच्या काही वर्षांत इतर पक्षांत विरघळून गेला. त्याचे मुख्य काम कौलानेच पुरे केले होते.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. त्यांच्या जागी कन्या शशिकला काकोडकर आल्या. गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, लोकांच्या ताई. १९७५ मध्ये त्यांच्या सरकारने मुंडकार कायदा अधिक भक्कम केला आणि १९७६ मध्ये कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती करून कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. भाटकारांनी न्यायालये गाठली, वाद वर्षानुवर्षे चालला, पण दुरुस्ती टिकली. १९७७ मध्ये पक्षाला १५ जागा मिळाल्या. बहुमत काठावरचे होते. एप्रिल १९७९ मध्ये पक्षाचे तीन आमदार फुटले आणि सरकार कोसळले.

त्यानंतर मगो पक्ष स्वबळावर कधीच सत्तेत आला नाही. १९८०च्या जानेवारीत काँग्रेसमधून फुटलेल्या अर्स काँग्रेसने २० जागा जिंकल्या, मगो पक्ष ७ वर आला. मुख्यमंत्री झाले प्रतापसिंह राणे. हेच राणे १९७२ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात होते. बहुजन हिंदू आणि ख्रिस्ती मतदार यांना एका छत्राखाली आणण्याचे काम मगो पक्षाला जमले नव्हते. ते काँग्रेसने केले, आणि त्यासाठी मगो पक्षातच घडलेला माणूस वापरला.

इथे मगो पक्षाच्या मधल्या वाटेची मर्यादा दिसते. कायदे करताना हा पक्ष धर्माची रेषा ओलांडून गेला, पण भाषेच्या प्रश्नावर तो जिथे होता तिथेच राहिला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेच्या आंदोलनाने गोवा पेटला, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही वाव. तोडगा मधलाच होता, पण तो काढला काँग्रेसच्या सरकारने, मगो पक्षाच्या विरोधी भूमिकेला तोंड देत. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. सत्तेत असताना ताईंच्या सरकारने हा समेट पुढाकार घेऊन घडवला असता तर साष्टी-बार्देशात पक्षाला पाय रोवता आले असते. ती संधी तेव्हा घेतली गेली नाही.

म्हणून १९६३च्या विजेत्यांबद्दलचा निवाडा दुहेरी द्यावा लागतो. जमीन, घर आणि दारू या रोजच्या व्यवहारात त्यांनी सर्वांना लागू होईल असा कारभार केला, आणि तो दिल्लीच्या धाकाने नव्हे तर आपल्या मतदाराची गरज ओळखून केला. प्रदेशाचे भवितव्य आणि भाषा या दोन बाबतींत मात्र ते स्वतःहून मध्यावर आले नाहीत. एकदा जनमत कौलाने आणि दुसऱ्यांदा सत्तेतून बाहेर पडल्यावर त्यांना ते भाग पाडले गेले. नव्या विजेत्याने मधल्या वाटेने जावे असे सांगणाऱ्यांनी गोव्याच्या उदाहरणातून एवढे तरी घ्यावे की, सर्वांत वादाचा प्रश्न निवडणुकीपासून सुटा करून लोकांपुढे ठेवला, तर मतदार पक्षाला न पाडताही त्याची दिशा बदलू शकतो.

आज १६ जानेवारी हा दिवस गोव्यात अस्मिताय दीस म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अजून आहे; २०२२च्या निवडणुकीत त्याचे दोन आमदार निवडून आले आणि त्यांनी भारतीय जनता पक्षाच्या सरकारला पाठिंबा दिला. विलीनीकरणाची मागणी आता कोणीच करत नाही. १९६४चा कूळ कायदा मात्र दुरुस्त्यांसह लागू आहे आणि त्याखालचे दावे आजही चालतात.